दम ऐकणारे लोटन नाना

१९८८ साल. मी एकोणसाठ वर्षांचा होतो, आणि तोवर मी कोणाला घाबरलो नव्हतो. जिनाच्या मालकाला नाही, फौजदाराला नाही. घाबरायचो ते फक्त लोटन नानांच्या बघण्याला. नाना माणसाच्या डोळ्यांत बघत नसत. तुम्ही तोंड उघडलं की ते तुमच्या गळ्याकडे बघत. गळ्याची घाटी खालीवर होते ना, तिथं. तुम्ही "राम राम नाना" म्हणा नाहीतर "घर जळालं" म्हणा, त्यांची नजर तिथंच. नवखा माणूस गडबडायचा, सदऱ्याची गुंडी लावून घ्यायचा. आम्हाला वाटायचं, पंचाची सवय आहे. आयुष्यभर हुतूतू घालणाऱ्यांचे गळे बघितले, आता सगळ्यांचे बघतात.

मी दुसरीपर्यंत शिकलो. जळगावच्या एका जिनात हमाल म्हणून लागलो तेव्हा मला मिसरूड फुटलं नव्हतं. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. नाना तिथं रेच्यांवर होते. रेचे म्हणजे ती यंत्रं. चाळीस रेचे एका ओळीत सुरू झाले की शेजारच्याला शिवी दिली तरी त्याला कळत नसे. त्या खात्यात नाना वयाच्या पंधराव्या वर्षापासून उभे होते. दुपारच्या सुट्टीत ते आवारात फक्कीनं रेघा मारत आणि आम्हा पोरांना हुतूतू शिकवत. मला खेळ त्यांनीच दिला. मी अंगठाबहाद्दर नव्हतो, पण माझ्यात तेवढी एकच विद्या होती: माझा दम. "हुतूतूतू" म्हणत मी जिनाच्या फाटकापासून वजनकाट्यापर्यंत जायचो आणि परत यायचो, एका दमात. लोक मला दमवाला उखा म्हणत. अजूनही जुने लोक म्हणतात.

रेघा मारताना नानांचं सगळं सोवळं असे. मापाची दोरी ओली चालायची नाही. सुताची दोरी ओली झाली की आखडते, मग मैदान वीतभर लहान होतं, असं ते म्हणत. एकदा पावसाचं झाकोळ होतं, दोरी दमट होती, तर नानांनी ती रेच्यांच्या खोलीत नेऊन दीड तास वाळवली. दोन्ही संघ चड्ड्या घालून उन्हाची वाट बघावी तसे बसलेले. कोणीतरी म्हणालं, "नाना, वीतभरानं काय व्हस?" नाना म्हणाले, "वीतभरमाच माणूस बाद व्हस, भो. रेघ कोनी मावशी नही शे, जवळ उना म्हनीसन लाड करी."

पंच म्हणून त्यांचा दरारा पूर्व खानदेशात होता तसा पश्चिमेतही होता. चढाई करणाऱ्या गड्याच्या बाजूनं ते कमरेत वाकून, डोकं तिरकं धरून पळत. त्यांचं वाक्य ठरलेलं होतं: "हात लागना का नही ते डोयाले दिखस. दम डोयाले नही दिखस, दम कानले दिखस." एका सामन्यात त्यांनी स्वतःच्या सख्ख्या मेव्हण्याला बाद दिलं. मेव्हणा मैदानातच ओरडला, "नाना, मी तुमना साला शे!" नाना म्हणाले, "रेघबाहेर साला. आता तू रेघबाहेरच शे, जाय, बस." मेव्हणा त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला न्यायला आला नाही. नानांची बायको, आमच्या काकू, रडत रडत म्हणाल्या, "आते मी माहेरले कोना तोंडनं जाऊ?" आखाजीला माहेरी न जाणं ही आमच्याकडे बाईला केवढी शिक्षा, ते खानदेशी माणसालाच कळेल. नाना दोन दिवस जेवले नाहीत. पण निकाल चुकला असं एकदाही म्हणाले नाहीत.

आता त्या सामन्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. पारोळ्याला अंतिम सामना होता, आमचं जळगावचं जिन कामगारांचं मंडळ आणि सोनगीरचा संघ. सोनगीरचा कप्तान हिलाल. बुटका, धडाला मान नाही, पण एकदा घोटा धरला की घोरपड. पंच कोण, यावर तंटा झाला तेव्हा हिलालच म्हणाला होता, "लोटन नाना जळगावना शेतस तरी चालतीन. त्या मानूसवर आमना भरोसा शे."

शेवटची चढाई माझी. गुण सारखे. मी आत खोल गेलो, दोघांना हात लावला आणि वळलो, तेवढ्यात हिलालनं माझा घोटा धरला. मी तोंडावर पडलो. मध्यरेघ दीड हातावर होती. मी दम न सोडता सरपटत होतो, आणि तेव्हा माती नाकातोंडात गेली. दम तुटला.

हे वाक्य लिहायला मला एवढी वर्षं लागली. दम तुटला. फार नाही, डोळ्याची पापणी लवावी एवढाच. माझ्या छातीनं माझ्या नकळत हवा आत ओढली आणि मी पुन्हा "तूतूतू" सुरू केलं. हात रेघेला लागला. हिलाल ओरडत होता, "दम तुटना! पंच, दम तुटना!" पण चारी बाजूंनी डफ वाजत होते, लोक झाडांवरून बोंबलत होते. नाना माझ्या तोंडाजवळ वाकलेले. त्यांची नजर माझ्या गळ्यावर, आणि गळ्याला घाम-मातीचा सगळा चिखल. त्यांनी शिट्टी वाजवली आणि हात आमच्याकडे केला.

आम्ही जिंकलो. सोनगीरचे लोक म्हणाले, पंच आपल्या गावच्या मिठाला जागला, त्यानं जळगावकरांचं मटण खाल्लं. आमच्या ट्रकवर दगड पडले. ट्रकमध्ये सगळे गात होते आणि नाना कोपऱ्यात बसलेले. पाळधी गाव मागं गेल्यावर ते सरकत माझ्याजवळ आले आणि कानाशी म्हणाले, "उखा, दम तुटना व्हता का?"

मी मान हलवून म्हणालो, "नाही नाना."

ते माझ्या गळ्याकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणाले. त्यानंतर नानांनी शिट्टी कधीच तोंडात घातली नाही. लोक बोलवायला यायचे, गाडी घेऊन यायचे. नाना म्हणायचे, "पंचना काम मानूसनी येळवर सोडाले पाहिजे." आम्हाला वाटलं, सोनगीरच्या दगडांनी त्यांचं मन उडालं. मलाही तेच वाटायचं. नाही, खरं सांगायचं तर मी मला तसं वाटवून घेतलं.

तीस वर्षं अशी गेली. जिन बंद पडला. मी म्हातारा झालो. पोरगा सुरतेला गेला. सून नातवंडांना सांगायची, आजोबा हमाल होते. मी म्हणायचो, हमाल नव्हतो, खेळाडू होतो. नातवंडं एकमेकांकडे बघून हसायची. शिधापत्रिका सोडली तर माझं नाव जगात कुठं लिहिलेलं नव्हतं. ज्यांची नावं शाळेच्या दाखल्यावर, पितळी पाट्यांवर, लग्नपत्रिकेत प्रेषक म्हणून छापून येतात त्यांना ही भूक कळणार नाही.

आणि त्या १९८८ साली मंडळाचा नवा हॉल बांधून झाला. हॉलला निम्मं साहाय्य कन्हैयाशेठनी केलं. मूळचे राजस्थानचे, कापडाचं दुकान, पण लहानपणी आमचे सामने बघायला भिंतीवर चढून बसायचे. शेठजींच्या डोक्यात आलं की हॉलच्या समोरच्या भिंतीवर सगळ्या खानदेशातल्या जुन्या, खेळ सोडलेल्या हुतूतूपटूंची नावं रंगवायची. संघात गडी सात, म्हणून नावं सात. ना सहा, ना आठ. नाव एकदा लागलं की कायमचं.

त्यासाठी दर रविवारी सकाळी बैठका बसल्या. एवढी भांडणं मी खेळतानाही पाहिली नव्हती. शाळेत कवायत शिकवणारे रघुनाथ मास्तर वही घेऊन बसायचे. कोणी म्हणायचं, ज्यानं जास्त ढाली जिंकल्या त्याचं नाव. कोणी म्हणायचं, ढाल संघ जिंकतो, गडी नाही. मेहुणबाऱ्याच्या भिकाच्या पकडीवरून तर दोन रविवार गेले. एक जण म्हणाला, "भिका दारूत मेला. बायकोला मारायचा. त्याचं नाव पोरांसमोर भिंतीवर?" दुसरा म्हणाला, "मग काय, दारूत मेला म्हणून त्याची पकड ढिली होती?" तिसरा म्हणाला, "असं बघायला गेलं तर भिंत कोरीच राहील." शेवटी मास्तर म्हणाले, आपण कशाला भांडतो? या सगळ्यांचे सामने ज्या एका माणसानं जवळून बघितले तो जिवंत आहे. लोटन नाना ज्या नावाखाली सही करतील ते नाव लागेल.

नानांना आणलं. शहात्तर वर्षांचे, छातीत कापसाचं तूस साठलेलं, श्वास शिट्टीसारखा वाजायचा. त्यांना कमी ऐकू येतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हातारपण आहे म्हणून कोणी विशेष मानत नव्हतं. ते भिंतीला टेकून बसत आणि बोलणाऱ्याच्या गळ्याकडे बघत; मास्तर मुद्दा वहीत मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्यापुढं धरत. भिकाच्या नावावर ते म्हणाले, "त्यानी बायकोले मारं ते पाप शे, ते देव देखी. भिंतवर त्यानी पकड लिखानी शे, घर नही." आणि सही केली. अशी सहा नावं झाली.

सातव्या नावाला दोन माणसं उरली. एक मी. दुसरा सोनगीरचा हिलाल.

मास्तर म्हणाले, "दोघं तोडीस तोड. पण समोरासमोर एकदाच आले, पारोळ्याला. उखाभाऊ जिंकले."

शेठजी म्हणाले, "मग झालं की! जिंकणाऱ्याचंच नाव लागतं. नाना, करा सही."

मी माझ्या मांड्यांवर हात ठेवून बसलो होतो. नानांनी पेन घेतलं, टोपण काढलं आणि परत लावलं.

"मी यावर सही नही करनार."

"का नाना?"

नानांनी पेन मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "त्या दिन माले काहीच ऐकू उनं नही."

कोणाला काही कळेना. नाना एकेक शब्द खाली ठेवत बोलले. रेच्यांनी त्यांचे कान त्या सामन्याच्या तीन वर्षं आधीच नेले होते. आधी एक गेला, मग दुसरा. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. बहिरा पंच म्हटल्यावर कोण बोलावणार? आणि पंच होणं सोडलं तर त्यांच्याजवळ तरी काय होतं, रेचेच ना? मग ते गळ्याची घाटी बघून दम ओळखायला शिकले. घाटी थांबली की दम थांबला. त्यात ते इतके तयार झाले की तीन वर्षांत एकही निकाल चुकला नाही. पण पारोळ्याला माझा गळा चिखलानं भरला होता. "माले घाटी दिखनी नही. मी अंदाजवर शिट्टी वाजाडी. पंचनी अंदाजवर शिट्टी वाजाडी," ते दोनदा म्हणाले. "उखाना दम तुटना नही आसं मन म्हने, कारन तो मना पोरगासारखा. मन म्हने ते काय निकाल शे का?"

तीस वर्षं आम्ही ज्याला पंचाची सवय समजत होतो ती अशी होती. बहिऱ्या माणसाची धडपड.

मला त्या क्षणी त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. मला एवढंच दिसलं की माझं नाव भिंतीवरून निघून चाललंय. मी उठलो आणि ज्या माणसानं मला खेळ दिला त्याला सगळ्यांसमोर म्हणालो, "बहिऱ्या! तुला ऐकू येत नव्हतं तर घरी बसायचं होतं! तुझ्या कानांची शिक्षा मला का?"

नानांना शब्द ऐकू आले नसतील. पण माझा गळा त्यांना दिसत होता.

शेठजींनी मला खाली बसवलं. म्हणाले, "हे बघा, नाना बघत होते, ऐकत नव्हते. हिलाल तर विरुद्ध पार्टी. मग खरं माहीत असलेला एकच माणूस उरतो. उखाभाऊ, तुम्हीच सांगा. तुमचा शब्द आम्ही मानू. दम तुटला होता का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. नाना माझ्या गळ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर अशी काही आशा होती, एखाद्याचं माणूस दवाखान्यात आत असतं आणि डॉक्टर बाहेर येतो तेव्हा असते तशी.

मी म्हणालो, "नाही."

सातवं नाव माझं ठरलं. नानांनी सही केली नाहीच. पेन मास्तरांच्या हातात देऊन काठी टेकत गेले.

रंगारी आला. तांबड्या रंगात, पांढरी कड. माझं नाव शेवटी होतं. मी रोज जाऊन बघायचो. एका दिवशी तर तीनदा गेलो. रंगारी म्हणाला, "आजोबा, हात लावू नका, ओलं आहे." पण तुम्हाला सांगतो, त्या नावाकडे बघून पोट भरत नव्हतं. घरी यायचो, भाकर पुढं यायची, आणि घास घशाशी आला की मला वाटायचं कोणीतरी माझा गळा बघतंय.

हॉलच्या उद्‌घाटनाला आठ दिवस होते तेव्हा नानांची मुलगी सुमन आली. तिचं सासर भुसावळला, बापासाठी येऊन राहिली होती. दारातूनच म्हणाली, "काका, बाप सिव्हिलमध्ये आहे. तुमचं नाव घेतोय."

मी म्हणालो, "येतो उद्या-परवा."

तिसऱ्या दिवशी पुन्हा आली. "काका, तुम्ही आला नाहीत."

"पाय दुखतो गं."

"हॉलवर रोज जायला दुखत नाही?" सुमन म्हणाली. तिचा आवाज फुटला. "तुम्ही तिकडे भिंतीकडे बघताय आणि माझा बाप इकडे दाराकडे बघतोय. कोणी आत आलं की मान उचलतो. डॉक्टर म्हणतात आता दिवस नाही, तास मोजा. तुमचं काय बिघडेल हो? दोन शब्द बोलून या."

दोन शब्दांनीच तर बिघडणार होतं.

तरी गेलो. तिच्यामागं चालत गेलो, गुन्हेगार शिपायामागं जातो तसा. नाना खाटेवर उशीला टेकवलेले. अंगावर मांस नव्हतं. त्यांनी मला ओळखलं आणि हात पुढं केला. मी काहीतरी बोललो, कसं काय नाना, असं. त्यांनी डोळे बारीक करून माझ्या गळ्याकडे बघितलं आणि मान हलवली. सुमन म्हणाली, "आता त्यांना तेही दिसत नाही. मोतीबिंदू. पाटीवर मोठं लिहून दाखवलं तर वाचतात." तिनं खाटेखालून शाळेतली पाटी काढली, खडू दिला.

नानांनी विचारलंच. आवाज वाऱ्यासारखा. "उखा, आते इठे बैठक नही शे. कोनीच नही शे. दम तुटना व्हता का?"

मी सुमनला म्हणालो, "बाई, जरा चहा सांगून ये."

ती गेली. मी पाटी मांडीवर घेतली. पोरगा शाळेत होता तेव्हापासून मी सहीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. खडू माझ्या बोटांत मोडला. तोंडानं खोटं बोलणं सोपं असतं, शब्द निघून जातो. पाटीवर एकेक अक्षर काढताना माणूस त्याच्याकडे बघत असतो. मी "नाही" लिहायला घेतलं. खरंच सांगतो, "ना" काढला. मग पुसला. मग लिहिलं: तुटला होता.

वाटलं होतं, नानांच्या छातीवरचं ओझं उतरेल. तीस वर्षं हाच प्रश्न मनात घेऊन होते, आता उत्तर मिळालं. कदाचित म्हणतील, जाऊ दे उखा. खरं सांगितलंस, बरं झालं.

नानांनी पाटी खिडकीकडे धरली. एका बोटानं एकेक अक्षर चाचपत वाचलं. मग पाटी छातीवर ठेवली आणि त्यांचे डोळे भरून आले. ते सुटल्याचे डोळे नव्हते.

"मंग मी चुकनू," ते म्हणाले.

मी पाटी घ्यायला हात पुढं केला, त्यांनी ती छातीशी दाबून धरली.

"तीस वरीस मी आस धरी व्हती. वाटे, उखा खरं बोलना व्हई. वाटे, बहिरा शे तरी मी बरोबर दिन्हा व्हई." दम लागला, थांबले. "त्या पोरंसनी ढाल मी खादी."

तेव्हा मला कळलं की हा माणूस मला पकडायला विचारत नव्हता. माझा "नाही" खरा निघावा म्हणून विचारत होता. मी खोटं बोललो तो त्यांना आधार होता, आणि तोही मी शेवटच्या दिवशी काढून घेतला. मी खाटेच्या लोखंडाला धरून रडलो. मी बापाच्या मयताला रडलो नव्हतो.

नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. पंच होते ते. बोटानं पाटीवर टकटक केलं आणि विचारलं, "हिलाल जित्ता शे का?"

मी होकाराची मान हलवली. जिवंत आहे, सोनगीरला आहे, हे बैठकीत कळलं होतं.

"त्याले सांग. मी नही जाऊ शकत." मग पुन्हा श्वास गोळा करून: "आधी मनी चूक सांगजो. मंग तुनी. निकाल पंचना ऱ्हास."

चहा घेऊन सुमन आली तेव्हा ते बोलायचे थांबले होते. दुपारी तीनच्या सुमाराला गेले.

दिवस मावळायच्या आत मेहरूणच्या बाजूच्या स्मशानात सगळं झालं. जुने खेळाडू आले होते, शेठजी आले होते. मी तिथंच शेठजींना बाजूला घेऊन म्हणालो, "माझं नाव पुसा. दम तुटला होता."

शेठजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, आज तुम्ही दुःखात आहात. नाना तुम्हाला बापासारखे. दुःखात माणूस काहीही बोलतो. उद्या बघू."

मी म्हणालो, "मी खरं सांगतोय."

"बरं बरं," ते म्हणाले आणि मास्तरांना खूण केली, यांना घरी सोडा. मी खोटं बोललो तेव्हा सगळ्यांनी एका शब्दावर मानलं होतं. खरं बोललो तर कोणी ऐकेना. पुढं ते नाव पुसलं आणि हिलालचं लागलं, पण त्यासाठी मला आठ महिने त्या मंडळाशी भांडावं लागलं. ते असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एस.टी.नं धुळ्याला गेलो आणि तिथून दुसरी धरून सोनगीरला उतरलो. किल्ल्याच्या खालच्या अंगाला विचारत विचारत हिलालचं घर काढलं. तो ओट्यावर बसून दाढी करत होता. गालाला साबण. मान अजून नव्हतीच. मला ओळखायला त्याला अर्धा क्षणही लागला नाही.

"दमवाला उना!" तो म्हणाला. "काबरं? भिंत दखाडाले उना का माले?"

मी म्हणालो, "हिलालभाऊ, पारोळ्याचं सांगायचं आहे."

त्यानं वस्तरा खाली ठेवला. मी पुढं बोलणार तेवढ्यात त्यानं हात वर केला. "थांब. मालेच सांगू नको. तीस वरीस मी या गावमा सांगस, त्याना दम तुटना व्हता. मना सख्खा भाऊ म्हने, हिलाल, हारना ते हारना, आते रडू नको. पोरं माले चिडाडतस, दम तुटना, दम तुटना म्हनीसन. तुले जे सांगानं शे ते बठ्ठासना समोर सांग."

तो तसाच, एका गालाला साबण घेऊन, मला पारापाशी घेऊन गेला. सकाळची वेळ, दुधाच्या डेअरीहून परतणारी माणसं, बिड्या ओढत बसलेले म्हातारे. त्यानं हाका मारून सगळ्यांना गोळा केलं. तीस-पस्तीस माणसं झाली. त्यांच्यात त्याचा तो भाऊही होता. हिलाल म्हणाला, "चढ वर. आवाज मोठा ठेव."

मी पारावर चढलो. नानांनी सांगितलं होतं, आधी त्यांची चूक सांग, मग तुझी. त्यांच्या हयातीत मी त्यांचा निकाल कधी मोडला नव्हता. तिथं उभं राहून मी तो पहिल्यांदा मोडला. आधी माझी सांगितली.